शरदातली शाळा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात शाळेच्या निवृत्त शिक्षिकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)

सरपंच, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, मुख्याध्यापिका, सगळे शिक्षक, अंगणवाडीच्या ताई, गावातली वडीलधारी मंडळी आणि माझ्या मुला-मुलींनो,

‘मुला-मुलींनो’ म्हटल्यावर पुढच्या रांगेतले काहीजण हसले. तुमची मुलं आता कॉलेजात आहेत, काहींचे केस तर माझ्यापेक्षा जास्त पांढरे झालेत. पण हजेरीपटावर एकदा नाव लिहिलं की बाईंच्या लेखी ते नाव त्याच वयाचं राहतं. त्याला माझा इलाज नाही.

संयोजकांनी मला ‘शाळा आणि संस्कार’ असा विषय दिला. विषय फार मोठा आहे आणि तुम्हाला पुढे जेवायला बसायचंय. म्हणून मी वर्षातले दीड-दोन महिनेच घेते. हस्ताच्या पावसापासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंतचे. या शाळेत मी १९८४ ते १९९८ अशी चौदा वर्षं होते. त्या चौदा वर्षांत मुलं वाचायला-लिहायला शिकली ती जून ते मार्चमध्ये, पण माणूस म्हणून जी काही घडली ती मुख्यतः या दीड-दोन महिन्यांत, असं माझं मत आहे. आणि शेवटी तुमच्या एका प्रस्तावाबद्दल बोलणार आहे. तो मला पटलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मध्येच धक्का बसायला नको.

शरद ऋतूच का, ते सांगते. जून-जुलैत नवी मुलं रडत असायची, छप्पर गळत असायचं, ओढ्याला पाणी आलं की पलीकडच्या वस्तीवरची पोरं घरी. दोन खोल्या, दोन शिक्षक, चार इयत्ता. श्रावण-भाद्रपद सणावारात जायचे. गणपती गेले की आकाश मोकळं व्हायचं. अंगण वाळायचं. शेतात भुईमूग निघत असायचा, भात पिवळा पडायला लागायचा. सहामाही परीक्षा जवळ यायची, पण पहिली ते चौथीच्या परीक्षेचा बाऊ तेव्हा कोणी करत नव्हतं. थोडक्यात, शाळेला अंगण मिळायचं आणि मुलांच्या हाताला काम मिळायचं.

पहिलं काम हडग्याचं. नवरात्रात घट बसले की शनिवारच्या सकाळच्या शाळेनंतर आपण पाटावर हत्ती काढायचो आणि भोवती फेर धरायचो. विदर्भातल्या बायका भुलाबाई म्हणतात, पुण्याकडे भोंडला म्हणतात, आपल्याकडे हडगा. तुम्हाला गाणी आठवत असतील. मला मात्र खिरपत जास्त आठवते. पहिल्या वर्षी माझ्या लक्षात आलं की खिरपतीत गावाची सगळी उतरंड दिसते. एकीच्या डब्यात पेढे, एकीच्या डब्यात चिरोटे, आणि एखादी पोटात दुखतं म्हणून त्या दिवशी घरीच. तेव्हा आपण दोन नियम केले. खिरपत विकत आणायची नाही, आणि पाळी हजेरीपटाच्या क्रमानं यायची. घरात जे आहे, शेतात जे निघालंय, तेच आणायचं.

त्यानंतर खिरपत ओळखण्यात खरी मजा यायला लागली. पेढे ओळखायला काय लागतं? पण एका मुलीनं एकदा डबा हलवला तर आवाजच येईना. लाडू म्हटलं, शिरा म्हटलं, सांजा म्हटलं, सगळे हरले. झाकण उघडलं तर उकडलेल्या ओल्या शेंगा, मीठ लावलेल्या, डब्यात गच्च दाबून भरलेल्या. तिची आई दुसऱ्याच्या शेतात शेंगा तोडायला जायची आणि मजुरीतला काही भाग शेंगांच्या रूपात घरी आणायची. त्या दिवशी शेंगा पुरल्या नाहीत, इतक्या सगळ्यांना आवडल्या. मी त्यावर एक शब्दही बोलले नाही. बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पुढच्या वर्षी ती मुलगी स्वतःहून विचारायला आली, ‘बाई, माझी पाळी कधी?’

आणि मुलगे. ते आधी व्हरांड्यात उभे राहून चिडवायचे. मग मी सांगितलं, फेरात जो नाही त्याला खिरपत नाही. दोन शनिवार ते ताठ राहिले. तिसऱ्या शनिवारी शेंगदाण्याच्या लाडवाचा वास आला आणि सगळे फेरात. त्यातले दोघे आज या व्यासपीठावर मागे बसलेत. नावं सांगत नाही.

दुसरं काम २ ऑक्टोबरचं. सकाळी प्रभातफेरी, गांधीजी आणि शास्त्रीजींच्या फोटोंना हार, दोन भाषणं आणि मग सफाई, हा सगळ्याच शाळांचा क्रम. आपल्याकडे सफाईला जास्त वेळ लागायचा, कारण ती खरी असायची. शाळेचं आवार, पाणवठ्याकडे जाणारा रस्ता, चावडीमागची गटार. आता हे मोकळेपणानं बोलायला हवं. गावात झाडू कोणाच्या हातात असतो आणि गटारीत कोण उतरतं, हे पहिलीतल्या पोरालाही ठाऊक असतं. ते त्याला कोणी शिकवत नाही, ते बघून कळतं. त्यामुळे ‘चला, सगळे मिळून साफ करू’ असं म्हणून सोडून दिलं, तर पाच मिनिटांत ठरावीक मुलांच्या हातात झाडू जातो आणि ठरावीक मुलं हार करायला बसतात. कोणी ठरवत नाही, तरी तसं होतं.

म्हणून इथेही हजेरीपट. पहिले सहा गटारीला, पुढचे सहा रस्त्याला, त्यापुढचे पाण्याला. पुढच्या वर्षी क्रम एक घर पुढे सरकणार. गटारीच्या गटात एक शिक्षक असणार. आणि सफाई ही शिक्षा म्हणून कधीच द्यायची नाही, हा आम्ही दोघा शिक्षकांनी स्वतःसाठी केलेला नियम. उशिरा आला म्हणून अंगण झाडायला लावलं, की अंगण झाडणं कमीपणाचं आहे हा धडा आपणच दिला. मग २ ऑक्टोबरला श्रमप्रतिष्ठेवर कितीही छान भाषण करा, पोरांना खरं काय ते कळलेलं असतं.

तेव्हा एका घरातून तक्रार आली होती, ‘आमच्या पोराला गटारीत उतरवलं’ म्हणून. गुरुजी शांतपणे म्हणाले, ‘मीही उतरलो होतो, त्याच्या शेजारीच होतो.’ विषय तिथेच संपला.

या ऑक्टोबर महिन्याचं आणि शिक्षणाचं एक जुनं नातं आहे, तेही सांगते. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली होती. अध्यक्ष गांधीजी होते. हातानं केलेल्या उपयोगी कामातून मुलानं शिकावं, हा विचार तिथे मांडला गेला आणि पुढे झाकिर हुसेन यांच्या समितीनं त्याचा आराखडा केला. त्यालाच नई तालीम म्हणतात. त्या योजनेचं पुढे काय झालं हा वेगळा विषय. पण आम्ही डी.एड.ला ते परीक्षेपुरतं पाठ केलं होतं आणि त्याचा अर्थ मला या गावातल्या गटारीपाशी कळला. काम खरं असेल तर मुलाला उपदेश लागत नाही. काम खोटं असेल, फोटोपुरतं असेल, तर कितीही उपदेश केला तरी पुरत नाही.

मधे दसरा. पाटीवर एकच्या आकड्यांनी सरस्वती काढायची, पाटीपूजन करायचं, हे तुम्हाला आठवतच असेल. आपट्याबद्दल एवढंच सांगते. ओढ्याकाठी आपट्याची दोन झाडं होती आणि दसऱ्याला ती ओरबाडून निघायची. बाजारात तर आपटा म्हणून कांचनाच्या फांद्याच विकायला येतात. पान तसंच जोडपानासारखं, पण मोठं. आपण मुलांना आपटा आणि कांचन यातला फरक हातात देऊन दाखवला आणि ठरवलं की शाळेत एकमेकांना एकच पान द्यायचं. तेच पान पुढच्याला, त्यानं त्याच्या पुढच्याला. एक पान सगळ्या शाळेत फिरून परत माझ्या टेबलावर यायचं, अगदी चुरगळलेलं. सोनं लुटायला एक पान पुरतं. ओढ्याकाठच्या दोन झाडांपैकी एक अजून आहे, काल मी बघून आले.

आता किल्ला. यासाठीच बरेच जण थांबलेत, मला माहीत आहे.

सहामाहीचा शेवटचा पेपर झाला की सुट्टी लागेपर्यंत आपल्याला दोन-तीन दिवस मिळायचे. शाळेच्या मागच्या कोपऱ्यात, कडुनिंबाच्या अलीकडे आपला किल्ला व्हायचा. दगड ओढ्यातले, माती तळ्याच्या गाळाची, वर गोणपाट. चारही इयत्तांचा मिळून एकच किल्ला. चौथीतली मुलं बुरूज रचणार, पहिलीतली माती कालवणार आणि सगळ्यात जास्त माखणार. कधी प्रतापगड केला, आपल्याच जिल्ह्यातला, कधी रायगड, कधी ‘कुठलाच नाही, आमचा’ असा एखादा.

किल्ल्याची एक शिस्त होती. आधी पाण्याचं टाकं, मग बाकी सगळं. ही माझ्या मनाची नव्हे. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं आहे. त्यात किल्ला कसा बांधावा हे सांगताना जागेवर पाणी आहे का हे आधी पाहायला सांगितलंय, पाणी नसेल आणि जागा सोडण्यासारखी नसेल तर खडक फोडून टाकी करायला सांगितलीत, आणि एकाच टाक्यावर विसंबू नये म्हणून बजावलंय. त्याच ग्रंथात रयतेच्या आंब्या-फणसाच्या झाडांना धन्याच्या संमतीशिवाय हात लावू नका, असंही आहे. मी मुलांना हे सांगितलं तेव्हा एकजण म्हणाला, ‘मग बाई, आपण माती घेतली ती कोणाच्या तळ्याची?’ ग्रामपंचायतीच्या तळ्याची. मग तिघंजण जाऊन सरपंचांना विचारून आले. परवानगी मिळणारच होती, पण विचारायला गेले. छत्रपतींची मूर्ती सिंहासनावर सगळेच बसवतात. त्यांच्या राज्याची रीत किल्ल्यात उतरली ती त्या तिघांमुळे.

किल्ला झाला की त्यावर अळीव आणि मोहरी पेरायची, खालच्या शेतात गहू. आणि मग खरी परीक्षा, कारण त्यानंतर सुट्टी लागायची. आम्ही शिक्षक आपापल्या गावी जायचो. शाळेला कुलूप. उगवलेल्याला पाणी कोण घालणार?

त्यासाठी पाण्याची पाळी लावलेली असायची. तुमच्या घरी पाटाच्या पाण्याची पाळी असायचीच, त्यामुळे ती समजावून सांगावी लागली नाही. दिवसाला दोघं, एक मोठं, एक लहान. यादी खिडकीच्या आतून चिकटवलेली. ज्याला जमणार नाही त्यानं स्वतः दुसऱ्याच्या घरी जाऊन पाळी बदलून घ्यायची, आई-वडिलांनी निरोप द्यायचा नाही. बघायला कोणी नाही, सही नाही, शाबासकी नाही. मामाच्या गावाला जायचंय, फटाके उडवायचेत, आणि मधेच शाळेत जाऊन तांब्याभर पाणी घालून यायचं.

शाळा उघडायची तेव्हा मी आधी किल्ल्याकडे जायचे. चौदा वर्षांत तो दोनदा वाळलेला सापडला. बारा वर्षं हिरवा होता. एकदा अवकाळी पावसानं अर्धा बुरूज ढासळला होता आणि कोणीतरी सुट्टीतच तो पुन्हा रचला होता, थोडा वाकडा. कोणी रचला हे मला आजतागायत कळलेलं नाही. विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघत राहिले. इथे बसला असेल तो, किंवा बसली असेल ती. आजही सांगू नका.

पुढे मूल्यशिक्षण आलं. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता अशी दहा मूल्यं परिपाठात आली. मूल्यं उत्तमच होती, मी ती तळमळीनं शिकवली. पण वहीत ‘संवेदनशीलता’ लिहिताना मुलं ऱ्हस्व-दीर्घाकडे बघायची. आणि सुट्टीत कोणी बघत नसताना वाकडा बुरूज रचणाऱ्या मुलाला आपण नेमकं कोणतं मूल्य आचरतोय हे सांगता आलं नसतं.

दिवाळीनंतरची गोष्ट सांगून मी तुमच्या प्रस्तावाकडे येते, कारण दोन्हीचा संबंध आहे.

कारखान्याचा हंगाम सुरू झाला की आपल्या गावाबाहेर ऊसतोडीच्या टोळ्या उतरायच्या. बीडकडच्या, नगरकडच्या. अजूनही उतरतात. कोप्या उभ्या राहायच्या, पहाटे अंधारात माणसं फडावर जायची, आणि मागे राहायची ती पोरं. एका वर्षी शाळा उघडल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुंपणाशी तीन मुलं उभी दिसली. थोरली मुलगी नऊ-दहा वर्षांची, कडेवर वर्षाचा भाऊ, शेजारी सात-आठ वर्षांचा आणखी एक. शाळेकडे बघत नव्हती ती. किल्ल्याकडे बघत होती.

आपली पोरं आधी दुरूनच बघत राहिली. मग कोणीतरी म्हणालं, ‘या की आत.’ मी नव्हे, कोणीतरी पोरानंच. तो सात-आठ वर्षांचा मुलगा सरळ टाक्यापाशी गेला आणि विचारलं, ‘ह्यात पाणी कुठनं येतं?’ सगळे गप्प. आपण दरवर्षी आधी टाकं करायचो, पण त्यात पाणी तांब्यानं ओतायचो. त्यानं काडी घेतली आणि वरच्या उतारावर दोन चर काढले, वाकवून टाक्याकडे आणले. ‘आता वरून वता,’ म्हणाला. वरून पाणी ओतलं आणि ते चरातून फिरत टाक्यात आलं. जिथं पाण्यासाठी कोसभर जावं लागतं तिथला मुलगा तो. त्याला टाकं म्हणजे काय ते आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. त्या दिवसापासून पोरं त्याला ‘किल्लेदार’ म्हणायला लागली.

दाखला नव्हता, त्यामुळे पटावर नाव घालता येईना. पण बसायला काय लागतं? ती तिघं बसली. थोरली मुलगी भावाला मांडीवर घेऊन अक्षरं गिरवायची. तो रडला की दुसरी कोणीतरी पोर त्याला व्हरांड्यात फिरवून आणायची. त्यासाठीही पाळी लागली, ती मी लावली नव्हती. मार्चच्या शेवटी कारखान्याचा पट्टा पडला आणि ती गेली. थोरलीला तोवर आपलं नाव, आईचं नाव आणि गावाचं नाव लिहिता यायला लागलं होतं. पुढं तिचं काय झालं मला माहीत नाही.

आज परिस्थिती कागदावर तरी बदलली आहे. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्काचा कायदा लागू आहे. सहा ते चौदा वयाचं मूल वर्षाच्या मध्ये आलं, दाखला नसला, तरी शाळेला त्याला प्रवेश नाकारता येत नाही आणि त्याला वयाप्रमाणे वर्गात बसवायचं असतं. कडेवरच्या भावासाठी अंगणवाडी आहे. ही योजना सुरू झाली तीही २ ऑक्टोबरलाच, १९७५ साली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिला पन्नास वर्षं झाली. म्हणजे कायदा आहे, अंगणवाडी शाळेला लागून आहे, ताई इथेच बसल्यात. पण काल मुख्याध्यापिका मला सांगत होत्या की गेल्या हंगामात कोप्यांवर शाळेच्या वयाची जितकी मुलं होती, त्यातली निम्मीसुद्धा वर्गात आली नाहीत. शिक्षक दोन, पट भरलेला, कागदपत्रं अमाप. कोपीवर जाऊन बोलावून आणणारं माणूस लागतं. कायदा दार उघडतो, हात धरून आत आणायला माणूसच लागतो.

आता तुमचा प्रस्ताव. माजी विद्यार्थी संघानं यंदापासून गावात किल्ला स्पर्धा घ्यायचं ठरवलंय. पहिलं बक्षीस ११,००० रुपये, चषक, आणि परीक्षक सातारहून. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. त्यात आपला प्रतापगडही आहे. त्या आनंदात हे सुचलं असणार. तुमची भावना मला कळते. शाळेचं नाव व्हावं, मुलांना हुरूप यावा, मोबाइलमधून डोकं वर निघावं. यातलं काहीच चुकीचं नाही.

पण जरा पुढचं चित्र बघा. ११,००० रुपये म्हटल्यावर किल्ला मुलं करणार की बाप? बाजारात प्लास्टरचे तयार बुरूज मिळतात, थर्माकोलचे दरवाजे मिळतात, दिव्यांच्या माळा मिळतात. ज्याच्या घरी पैसा तो किल्ला उंच. खिरपतीतून आपण पेढे बाहेर काढले, ते असे मागच्या दारानं परत येतील. चार गल्ल्यांचे चार किल्ले होतील आणि एक गल्ली दुसऱ्या गल्लीच्या पोराला माती देणार नाही. निकाल लागला की दुसऱ्या दिवशी पाणी घालायला कोण जाईल? आणि टोळ्या येतात दिवाळीनंतर. स्पर्धा तेव्हा संपलेली असेल, किल्ले मोडलेले असतील. ‘पाणी कुठनं येतं’ असं विचारणारा मुलगा कुंपणाशी आला तर त्याला बघायला काहीच नसेल.

बक्षिसाला माझा विरोध नाही. पळण्याच्या शर्यतीला बक्षीस द्या, पाढ्यांना द्या, हस्ताक्षराला द्या. जे एकट्याचं आहे त्याला बक्षीस शोभतं. जे सगळ्यांचं आहे त्यावर किंमत लावली की ते कोणाचंच राहत नाही.

मग काय करायचं? तीन गोष्टी मागते. बाईंनी मागितल्या म्हणून नको, पटल्या तर करा.

एक, किल्ला शाळेतच, सगळ्या इयत्तांचा मिळून एकच होऊ दे. तुम्ही सुट्टीला गावी येता, तर एक दिवस लवकर या, विळा-फावडं घेऊन या, आणि पोरं सांगतील ते काम करा. दगड वाहा. बुरूज त्यांना रचू द्या, वाकडा झाला तर वाकडा. बाजारातून काहीही आणू नका.

दोन, ते ११,००० रुपये आणि त्यात दरवर्षी घालाल ती भर, कोप्यांवरच्या मुलांसाठी ठेवा. पाटी, वह्या, चपला, एखादं स्वेटर. मुख्याध्यापिका आणि अंगणवाडीच्या ताई मिळून ठरवतील काय हवं ते. तुम्ही फक्त पैसे वेळेवर द्या, नोव्हेंबरात, मार्चमध्ये नव्हे.

तीन, आणि हे सगळ्यात अवघड आहे. हंगाम सुरू झाला की पहिल्या आठवड्यात रोज संध्याकाळी गावातल्या दोघांनी कोप्यांवर जायचं. माणसं फडावरून परततात तेव्हा. बसायचं, चहा दिला तर घ्यायचा, पोरांची नावं लिहून घ्यायची आणि सकाळी त्यांना शाळेत आणून सोडायचं. याची पाळी लावा. हजेरीपटाच्या क्रमानं लावा, म्हणजे कोणी वगळलं जाणार नाही आणि कोणी उपकार केल्यासारखा वागणार नाही. ज्याला जमणार नाही त्यानं स्वतः दुसऱ्याच्या घरी जाऊन पाळी बदलून घ्यायची. नियम तुम्हाला माहीत आहे.

यादी करायला मी आत्ता बसते आहे, जेवणाच्या पंगतीशेजारी. वही आणली आहे. गावात राहणाऱ्यांनी आधी नाव द्या, पुण्या-मुंबईच्यांनी सुट्टीच्या तारखा द्या. मुख्याध्यापिकांच्या ओळखीचे एक मुकादम आहेत. ते म्हणतात, टोळी येत्या आठ-दहा दिवसांत उतरेल. म्हणजे वेळ फार नाही.

तुम्ही सगळे सुखात राहा. स्वयंपाक गार होतोय, आता थांबते.